करुणेचे शिक्षण : घर, शाळा आणि शेजार

कोलकाता महानगराच्या पूर्वेकडील सीमेवर, विमानतळाच्या बाजूला, राजारहाट परिसरात ‘न्यू टाउन’ हे नियोजित उपनगर उभे आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत येथे भातशेती, मत्स्यतळी आणि लहान खेडी होती. जमिनीचे संपादन होऊन नगररचनेला प्रारंभ झाला आणि १९९९ मध्ये ‘हिडको’ या राज्यशासनाच्या महामंडळाची स्थापना झाली. नागरी सेवांसाठी २००७ च्या कायद्यान्वये स्वतंत्र विकास प्राधिकरणाची तरतूद करण्यात आली. रुंद रस्ते, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये, २०१२ मध्ये खुले झालेले विस्तीर्ण ‘इको पार्क’ आणि कुंपणाआडची बहुमजली गृहसंकुले असे या नगराचे आजचे रूप आहे.

अशा संकुलात राहणाऱ्या एखाद्या मुलाचा दिनक्रम डोळ्यांसमोर आणून पाहावा. सकाळी ते उद्वाहनाने खाली उतरते, शाळेच्या बसमध्ये बसते, दुपारी परतते, सायंकाळी शिकवणीला जाते. नेमक्या त्याच वेळी आसपासच्या खेड्यांतून घरकामासाठी स्त्रिया येतात आणि बांधकाम मजूर नव्या इमारतींकडे निघतात. त्यांच्यासोबत कधी त्यांची मुलेही असतात. दोन्ही मुले एकाच नगरात वाढतात, एकाच फाटकातून ये-जा करतात. परंतु त्यांना एकमेकांचे नाव ठाऊक नसते. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या नव्या वसाहतींतील स्थिती यापेक्षा वेगळी नाही.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत शेजारधर्म आपोआप शिकला जात असे, असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. त्या शेजारालाही जातीच्या आणि पंक्तीच्या सीमा होत्याच. तथापि दुसऱ्याचे आजारपण, अडचण आणि दुःख तेथे मुलांच्या नजरेसमोर घडत असे. नव्या नगररचनेने हे दर्शनच दुर्मीळ केले. त्यामुळे करुणा हे मूल्य आता घर आणि शाळा यांना जाणीवपूर्वक शिकवावे लागणार आहे. ते कसे शिकवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दया, सहसंवेदना आणि करुणा

व्यवहारात हे तीन शब्द समानार्थी म्हणून वापरले जातात. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. दुसऱ्याची भावना ओळखणे आणि ती काही अंशी स्वतः अनुभवणे म्हणजे सहसंवेदना. त्या जाणिवेतून दुसऱ्याचे दुःख हलके करण्याची इच्छा निर्माण होणे आणि त्यानुसार कृती घडणे म्हणजे करुणा. दया ही बहुधा वरून खाली वाहते. देणारा उंचावर आणि घेणारा खाली, असे तिचे चित्र असते. करुणेत दोघे एका पातळीवर असतात. मुलाच्या हातून वर्षातून एकदा वस्त्रदान करविल्याने त्याला दयेचा परिचय होईल. करुणा त्यातून येईलच, याची शाश्वती नाही.

मुलांमध्ये ही प्रवृत्ती उपजत असते काय? याविषयी फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग उद्बोधक आहेत. अपरिचित प्रौढाच्या हातून वस्तू खाली पडली आणि ती त्याला पोहोचेना, असा प्रसंग दीड वर्षाच्या मुलांसमोर घडविण्यात आला. कोणी न सांगता, कोणत्याही बक्षिसाविना, बहुतेक मुलांनी एकदा तरी मदत केली. याच संशोधकांच्या २००८ मधील अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. मदतीबद्दल ज्या मुलांना वस्तुरूप बक्षीस दिले गेले, त्यांची मदत करण्याची प्रवृत्ती पुढे कमी झाली. ज्यांना काहीच मिळाले नव्हते, ती मुले मदत करीत राहिली.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, करुणेचे बीज मुलात असते. ते बाहेरून आणून पेरावे लागत नाही. दोन, चांगुलपणाला मोबदल्याची सवय लावली तर चांगुलपणा क्षीण होतो. मात्र या उपजत प्रवृत्तीला एक मोठी मर्यादा आहे. मनुष्य स्वाभाविकपणे आपल्या माणसांसाठी जितका कळवळतो, तितका परक्यांसाठी कळवळत नाही. म्हणून ‘आपली माणसे’ या शब्दांचा परिघ विस्तारणे, हे शिक्षणाचे खरे कार्य ठरते.

राज्यघटना, कायदा आणि धोरण

भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेत बंधुतेचा उल्लेख आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी अनुच्छेद ५१क (छ) सजीव प्राण्यांविषयी दयाभाव बाळगण्यास सांगतो. ८६ व्या घटनादुरुस्तीने २००२ मध्ये शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्याच दुरुस्तीने ५१क (ट) अन्वये ६ ते १४ वर्षे वयाच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे कर्तव्य ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा अनुच्छेद २९ परस्पर सामंजस्य, शांतता व सहिष्णुता यांच्या भावनेने जबाबदार जीवन जगण्याची तयारी हे शिक्षणाचे एक उद्दिष्ट मानतो. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील तीन तरतुदी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना प्रतिबंध करते. कलम २९ भय व तणाव यांपासून मुक्त अशा अध्यापनाचा आग्रह धरते. कलम १२ (१) (ग) खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवण्यास सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. मात्र अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांना तिच्यातून वगळले.

धोरणांच्या पातळीवर पाहता, शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने १९९९ मध्ये मूल्यशिक्षणावर अहवाल सादर केला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शांततेसाठी शिक्षण ही संकल्पना पुढे आणली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहसंवेदना व करुणा यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांतील मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता यांचा समावेश होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली. दुर्बल घटकांप्रती सहसंवेदना व करुणा तसेच मूल्ये रुजविण्यात कुटुंब, समाज व शिक्षणसंस्था यांची भूमिका हे तिच्या अभ्यासक्रमाचे भाग आहेत.

तरतुदींची वाण नाही, हे यावरून दिसते. उणीव आहे ती मूल्य आणि दिनक्रम यांची सांगड घालण्याची. ती सांगड घातली की काय घडू शकते, याचे एक उदाहरण कोलकात्यातच, न्यू टाउनपासून फार दूर नसलेल्या सियालदह भागात सापडते.

सियालदहची ‘इंद्रधनुष्य’ शाळा

सियालदह हे कोलकात्यातील सर्वाधिक गर्दीचे रेल्वेस्थानक. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येथेच उतरले आणि पुढील अनेक दशके स्थानकाच्या आसपासचे पदपथ कित्येक कुटुंबांचे घर बनून राहिले. या परिसरातील लोरेटो डे स्कूल ही मुलींची इंग्रजी माध्यमाची जुनी शाळा. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये भारतात आलेल्या सिस्टर सिरिल मूनी १९७९ मध्ये या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या.

फाटकाच्या आत उत्तम शिक्षण आणि फाटकाबाहेर शिक्षणाला पारखी झालेली मुले, हा विरोध त्यांना अस्वस्थ करीत होता. त्यांनी प्रथम प्रवेशाची पद्धत बदलली. शुल्क न भरू शकणाऱ्या मुलींची संख्या टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शाळेतील सुमारे १४०० विद्यार्थिनींपैकी जवळजवळ निम्म्या मुली विनाशुल्क शिकत होत्या. शिक्षण हक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधी, कोणत्याही सक्तीविना, त्यातील २५ टक्क्यांच्या दुप्पट प्रमाण येथे साधले गेले होते.

दुसरे पाऊल अधिक महत्त्वाचे होते. १९८५ मध्ये पदपथावरील मुलांसाठी शाळेच्या इमारतीतच ‘रेनबो’ अर्थात इंद्रधनुष्य उपक्रम सुरू झाला. ही मुले कचरा वेचत, फेरी करीत किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यांना ठरावीक वेळेत वर्गात बसणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी सवडीने यावे आणि शाळेतील मोठ्या वर्गांतील मुलींनी पाळीपाळीने, एकास एक या पद्धतीने, त्यांना शिकवावे अशी योजना करण्यात आली. पश्चिम बंगालच्या अभ्यासक्रमात कार्यशिक्षण हा विषय होता. त्याच्या तासिका या कामासाठी वापरण्यात आल्या. पुरेशी तयारी झाल्यावर ही मुले वयानुरूप नियमित शाळांत दाखल होत. ज्या मुलींना रात्रीचा सुरक्षित निवारा नव्हता, त्यांच्यासाठी शाळेतच निवासाची सोय झाली. आठवड्यातून एकदा विद्यार्थिनींचे गट शहराबाहेरील खेड्यांतील शाळांत शिकविण्यासाठीही जात.

या कार्याची दखल युनेस्कोच्या १९९४ मधील नोमा साक्षरता पुरस्काराने घेतली. भारत सरकारने सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री देऊन गौरविले. जून २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. शाळेच्या इमारतीतच निराधार मुलींचे घर, ही कल्पना पुढे कोलकात्यातील इतर शाळांत आणि देशातील अन्य शहरांतही पोहोचली. विद्यार्थ्याला वयानुरूप वर्गात घेण्याची आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची जी तरतूद २००९ च्या अधिनियमातील कलम ४ मध्ये आहे, तिच्यामागचा विचार येथे अनेक वर्षे प्रत्यक्षात उतरलेला होता.

या उदाहरणातून काय शिकावे?

पहिली गोष्ट म्हणजे करुणेला वेळापत्रकात जागा मिळाली. ती वार्षिक समारंभापुरती राहिली नाही. आज जिला अक्षर शिकविले, तीच मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर येणार, ही निश्चिती असेल तरच नाते जुळते.

दुसरी गोष्ट, विद्यार्थिनीच्या हाती वस्तू दिली गेली नाही, काम दिले गेले. जुना कपडा देणाऱ्या मुलीला समोरच्या मुलीचे नाव माहीत असण्याची गरज नसते. तिला वाचायला शिकवायचे असेल तर ती कोणत्या अक्षरावर अडते, आज ती गप्प का आहे, काल का आली नाही, हे सारे समजून घ्यावे लागते. समजून घेण्याच्या या श्रमातूनच परकेपणा वितळतो. शिवाय पदपथावर तगून राहणाऱ्या मुलीला अनेक गोष्टी अशा ठाऊक असतात, ज्या घरात सुरक्षित वाढलेल्या मुलीला ठाऊक नसतात. शिकविणारी आणि शिकणारी यांच्या भूमिका अशा वेळी अदलाबदल होतात.

तिसरी गोष्ट, शाळेने स्वतःच्या रचनेत बदल केला. प्रवेश, जागा आणि वेळ या तिन्हींचे वाटप बदलले. संस्था स्वतः न बदलता विद्यार्थ्यांनी करुणामय व्हावे, अशी अपेक्षा धरली तर मुले त्यातील विसंगती अचूक ओळखतात.

येथे एका धोक्याचाही विचार करणे आवश्यक आहे. वंचित मुलगा हा संपन्न मुलाच्या संस्कारांचे साधन नव्हे. उपक्रमाचे यश शिकविणाऱ्या मुलांना काय वाटले यावरून न मोजता, शिकणारे मूल नियमित शाळेत पोहोचले किंवा नाही यावरून मोजले पाहिजे. काही आठवडे येऊन छायाचित्रे काढून निघून जाणारे स्वयंसेवक या मुलांच्या मनात आणखी एका तुटलेल्या नात्याची भर घालतात. आरंभ करण्यापूर्वी सातत्याची हमी असणे, हाही करुणेचाच भाग आहे.

विश्वभारती ते आंतरभारती

सियालदहचा प्रयोग बंगालच्या शैक्षणिक परंपरेशी सुसंगत होता. शाळांत माहितीला स्थान आहे, परंतु सहानुभावाच्या शिक्षणाला नाही, ही रवींद्रनाथ टागोर यांची जुनी खंत होती. १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे त्यांनी शाळा सुरू केली. १९२१ मध्ये विश्वभारती आणि १९२२ मध्ये सुरुल येथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र आकारास आले, जे पुढे श्रीनिकेतन म्हणून ओळखले गेले. आजूबाजूची खेडी हाही शिक्षणाचाच परिसर आहे, अशी त्यामागील भूमिका होती. न्यू टाउनमध्ये कवीच्या स्मरणार्थ ‘रवींद्र तीर्थ’ हे सांस्कृतिक केंद्र उभारण्यात आले आहे.

याच विश्वभारतीपासून प्रेरणा घेऊन साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. भिन्न प्रांतांतील मुलांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावे आणि त्यातून परकेपणा दूर व्हावा, असे त्यांचे स्वप्न होते. गुरुजींचे स्वतःचे अध्यापन याच वृत्तीचे होते. अंमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना त्यांनी वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली. विद्यार्थ्यांच्या खोल्या ते स्वतः झाडीत आणि आजारी मुलांची शुश्रूषा करीत. नाशिकच्या कारागृहात १९३३ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’ने मराठी घरांपुढे एक गोष्ट ठसठशीतपणे ठेवली : आई मुलाला करुणा शिकविते ती रोजच्या लहान प्रसंगांतून आणि मुख्यतः स्वतःच्या वागण्यातून. या करुणेला न्यायाची बाजूही होती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. दुःखाने कळवळणे आणि त्या दुःखाचे कारण दूर करण्यासाठी उभे राहणे, या एकाच प्रवासाच्या दोन पायऱ्या आहेत.

अलीकडच्या काळात महाराष्ट्रात ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यशासनाच्या सहभागाने विस्तारला. उपदेशाऐवजी जोडीने व गटाने केलेल्या कृती, चर्चा आणि खेळ यांवर त्यात भर होता. दिल्लीच्या शासकीय शाळांत जुलै २०१८ मध्ये आठवीपर्यंत आनंद अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. कॅनडातील टोरांटो येथे मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात काही महिन्यांचे बाळ पालकासह वर्षभर वर्गात येत राहते. ते का रडते, कशाने शांत होते, याचे निरीक्षण करता करता मुले भावनांची भाषा शिकतात. साधने भिन्न असली तरी सूत्र एकच आहे : प्रत्यक्ष व्यक्ती समोर असावी आणि ती पुन्हा पुन्हा भेटावी.

घर : पहिली शाळा

शाळेत सहा तास शिकविलेले घरातील एका वाक्याने पुसले जाऊ शकते. घरकामासाठी येणाऱ्या स्त्रीचा कप वेगळा ठेवलेला असेल, तिच्याशी एकेरीत बोलले जात असेल, तर मूल्यशिक्षणाची कोणतीही तासिका मुलाला याविरुद्ध काही पटवून देऊ शकत नाही. याउलट मावशी, काका असे संबोधन, आजारपणात सुटी आणि वेळेवर वेतन या तीन गोष्टी मुलाने रोज पाहिल्या, तर वेगळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

मूल चुकले असता काय केले जाते, यालाही महत्त्व आहे. मुलाने धाकट्या भावाला ढकलले तर फटका मारणे हा एक मार्ग. ‘तो का रडतो आहे, त्याला कोठे लागले, आता काय करता येईल’, असे विचारणे हा दुसरा. मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या मार्गावर विशेष भर दिला आहे. शिक्षेने मुलाचे लक्ष स्वतःच्या वेदनेकडे जाते. प्रश्नाने ते दुसऱ्याच्या वेदनेकडे वळते.

प्राण्यांविषयीची करुणा हीदेखील घरातच आकार घेते. वसाहतीतील भटक्या कुत्र्यांवरून शहरोशहरी वाद होतात. मुलांना दगड मारण्यापासून परावृत्त करणे जितके आवश्यक, तितकेच अनोळखी प्राण्याजवळ न जाणे, चावा घेतल्यास जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने धुऊन वैद्यकीय उपचार घेणे हेही शिकविले पाहिजे. करुणा आणि सावधगिरी यांत विरोध नाही.

शेवटी, ज्या मुलावर सतत गुणांचा आणि तुलनेचा दबाव असतो, त्याच्या मनात दुसऱ्यासाठी जागा उरत नाही. मुलाशी सौम्यतेने वागणे हा त्याला सौम्यता शिकविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

नव्या नगरांपुढील शक्यता

न्यू टाउनकडे पुन्हा वळल्यास असे दिसते की, करुणेच्या शिक्षणासाठी लागणारी सामग्री नगराच्या पोटातच आहे. येथे ‘स्नेहदिया’ हे ज्येष्ठ नागरिकांचे निवासस्थान आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेडिकल सेंटर या कर्करोग रुग्णालयात दूरदूरचे रुग्ण येतात आणि त्यांच्यासह आलेले नातेवाईक परक्या शहरात दिवस काढतात. बांधकामांवर मजुरांची मुले आहेत. शेजारच्या खेड्यांत शाळा आहेत. आठवीच्या वर्गाने दर पंधरवड्याला ज्येष्ठांसमवेत एक तास घालविणे, त्यांना भ्रमणध्वनी वापरण्यास मदत करणे आणि त्यांच्याकडून फाळणीच्या किंवा जुन्या राजारहाटच्या आठवणी लिहून घेणे, यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती मुख्याध्यापकांच्या निर्णयाची, जबाबदार शिक्षकाची आणि वर्षभर न मोडणाऱ्या वेळापत्रकाची.

२५ टक्के जागांच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. प्रवेश मिळणे आणि सोबत मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. एका बाकावर बसणे, एकत्र डबा खाणे, सहलीचा खर्च कोणालाही एकटे पाडणार नाही अशा रीतीने ठरविणे, वाढदिवसाच्या भेटवस्तूंची स्पर्धा वर्गाबाहेर ठेवणे या छोट्या व्यवस्थांतून कायद्याचा हेतू सफल होतो. या गोष्टींना गुण देऊ नयेत. ज्या क्षणी चांगुलपणाची श्रेणी प्रगतिपुस्तकात येईल, त्या क्षणी मुले ती मिळविण्याची युक्ती शिकतील.

प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी या विषयाला आणखी एक परिमाण आहे. उद्या एखाद्या शहराचा आराखडा, शाळेचा नकाशा किंवा शिधापत्रिकेचा अर्ज त्यांच्यासमोर येईल. कागदावरील नावामागे माणूस दिसणे ही क्षमता परीक्षेपूर्वीच्या काही महिन्यांत मिळविता येत नाही. तिचा पाया बालपणात घातला जातो. सियालदहच्या शाळेने तो घालण्यासाठी नवे तत्त्वज्ञान मांडले नाही. तिने फाटक उघडले, तासिका ठरविली आणि दोन मुलींना समोरासमोर बसविले. न्यू टाउनमधील मुलाला आपल्या इमारतीखाली खेळणाऱ्या मजुराच्या मुलाचे नाव ठाऊक व्हावे, येथून प्रारंभ करता येईल.